सुलेखा मॅडमची बादली

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. गिरणीवाल्या बाईनं संशयी असावंच लागतं. वर कोरडे गहू आणि खाली ओले गहू घालून डबा आणणारे लोक मी बघितलेत. ओलं धान्य एकदा दगडाला चिकटलं की अर्धा दिवस बोंबलत जातो. म्हणून मी प्रत्येक डब्यात कोपरापर्यंत हात घालते, मग पट्टा चढवते. माणसांच्या बाबतीतही माझं तेच हाय. वरवर बघून मी कुणाला चांगलं म्हणत नाय.

तर सुलेखा मॅडम आमच्या गल्लीत आली, त्या दिवशी मी तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. स्कूटीवर पुढं पुस्तकांचं पोतं, पाठीवर एक बॅग, आणि हँडलला अडकवलेली पांढरी बादली. बादलीच्या आतल्या बाजूनं नेलपॉलिशनं लाल रेघा ओढलेल्या. मी म्हणलं, झालं! नखाला नाय, पायाला नाय, या बाईनं नेलपॉलिश बादलीला लावलंय. ही सरळ बाई नसणार.

आमची गल्ली सिडकोच्या पलीकडं, जळगाव रोडच्या अंगाला. तोंडाशी आप्पासाहेबांचा दुमजली बंगला, त्याला लागून माझी गिरणी आणि गिरणीमागंच माझं घर, मग दोन्ही बाजूंनी घरं, आणि अगदी शेवटाला भामाबाईचं घर. त्या घराच्या वरच्या खोलीत ही मॅडम भाड्यानं राहायला आली. एकटी बाई, वय तिशीच्या पुढं, गळ्यात काही नाय. आडनाव विचारलं की गावाचं नाव सांगायची. "फुलंब्रीकडची," म्हणायची आणि हसायची. पुढं भामाबाईच्या घरी गेले, तेव्हा वरच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर दिसली. गल्लीत थोडी कुजबुज झाली. मी त्यात पडले नाय. माझ्या गिरणीत सगळ्यांचं धान्य एकाच दगडाखाली जातं. माझा संशय वेगळा होता. माझा संशय त्या बादलीवर होता.

एकदा ती ज्वारी घेऊन दळायला आली. मी डब्यात हात घातला. ज्वारी खालपर्यंत कोरडी निघाली. तरी मी विचारलंच.

"मॅडम, कॉलेजात शिकवता म्हणे. काय शिकवता?"

"शाश्वत विकास, मावशी."

"म्हंजे काय असतंय ते?"

"म्हंजे आज आपण जे वापरतो, ते आपल्या मागनं येणाऱ्याला उरतं का, ते बघायचं."

"एवढंच? आणि त्याला कॉलेज लागतंय?"

ती हसली. चुकीच्या वेळी हसायची सवयच होती तिला. म्हणाली, "मलाही कधीकधी तसंच वाटतं."

आता सांगा, जी बाई स्वतःच्याच विषयावर अशी बोलते, तिच्यावर भरवसा ठेवायचा कसा?

हळूहळू मला तिची बाकीची माहिती कळली. गिरणीत बसल्या जागी सगळं कळतं, कुणाला खोदून विचारावं लागत नाय. बाप धोंडिबा फुलंब्रीच्या पुढं शेती करतो, आई कडूबाई दुसऱ्याच्या रानात जाते. पोरगी स्कॉलरशिपवर शिकली. कॉलेजात ती कायम नव्हती, तासिका तत्त्वावर होती. म्हंजे वर्षाची ऑर्डर. वर्ष संपलं की पुन्हा मुलाखत, पुन्हा हांजी हांजी. आधीच्या कॉलेजात तिची ऑर्डर पुढं निघालीच नाय, कारण तिनं पोरांना तिथल्या हिरवळीला किती पाणी जातं ते मोजायला लावलं होतं. दळण होईस्तोवर बाकड्यावर बसून तिनंच हे मला सांगितलं. शेवटी म्हणाली, "यंदा ऑर्डर निघाली नाही, तर मी शिकवणं सोडणार, मावशी. पुढच्या वर्षी होईल, पुढच्या वर्षी होईल, असं आईबापाला किती दिवस सांगायचं?"

हे बोलताना ती हसली नाय. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून माझा संशय काही जात नाय.

आता आमच्या पाण्याचं सांगते, नायतर पुढचं कळायचं नाय. या शहरात नळाला रोज पाणी येतं, असं कुणी म्हणलं तर तो पाहुणा माणूस समजायचा. आमच्याकडं आठ-दहा दिवसांनी येतं. आलं की घराघरात लोक नळाला सरळ मोटार जोडतात आणि पाणी ओढून घेतात. नियमात बसत नाय ते, सगळ्यांना माहीत हाय. पण आप्पासाहेबांनी लावली म्हणून मी लावली, मी लावली म्हणून शेजारणीनं लावली. लावली नाय तर आपल्या वाटणीचं शेजारी ओढून नेतो. पाणी सुटलं की सगळ्या गल्लीत घूं घूं घूं आवाज. आणि शेवटाला भामाबाईचा नळ नुसता फुस्स करायचा. हवा यायची. पाणी वरच्या वर आम्हीच ओढून घ्यायचो, तिथवर पोचायचं कुठनं? ती बिचारी हंडा घेऊन दारोदार फिरायची. आम्ही देत होतो की! नाय असं नाय. पण देताना दहा वेळा ऐकवून देत होतो.

दिवाळीनंतर मॅडमनं कॉलेजची पोरं गल्लीत आणायला सुरुवात केली. पाच-सहा पोरं-पोरी, हातात वह्या, मोबाईल, आणि मधोमध ती बादली. त्या लाल रेघा कशाच्या, ते तेव्हा कळलं. लिटरच्या होत्या. बादली नळाखाली ठेवायची, मोबाईलवर घड्याळ लावायचं आणि किती वेळात भरते ते लिहायचं. माझ्या गिरणीसमोरच तिनं पोरांना सांगितलं, ते मी पट्टा थांबवून ऐकलं.

"लोकांना विचारू नका किती पाणी वापरता म्हणून. विचारलं की सगळे 'थोडंसंच' म्हणतात. बादली ठेवा आणि बघा. आणि मोजायला सुरुवात शेवटच्या नळापासून करा."

अपेक्षा नावाची एक चुणचुणीत पोरगी होती, ती म्हणाली, "मॅडम, शेवटच्या नळाला पाणीच येत नाही. मोजू काय?"

"तेच लिही. येत नाही म्हणून."

 म्हंजे ही बाई आमच्याच गल्लीवर टपून बसलीय! आज वहीत लिहितील, उद्या पालिकेत देतील, परवा पथक येईल आणि मोटारी उचलून नेईल. मी लगेच आप्पासाहेबांच्या कानावर घातलं. आप्पासाहेब म्हंजे आमच्या गल्लीचे पुढारी. बँकेतनं रिटायर झाले तेव्हापासून गणपती, भांडणं, गटारी, सगळ्यांत तेच पुढं. ते म्हणाले, "लीलाबाई, मला तर पहिल्या दिवसापासून शक होता." मी मनात म्हणलं, व्हय, माझा शक उसना घेऊन आता स्वतःचा म्हणून सांगा.

आणि संशय आम्हालाच होता असं नाय. तिच्या पोरांनाही होता. शिवराज म्हणून शेंद्र्याचा एक उंच पोरगा होता. उन्हात फिरून दमला की माझ्याकडं पाणी प्यायला यायचा. एकदा अपेक्षाला म्हणतो कसा, "तुला कळत नाही का? मॅडम राहतात शेवटच्या घरात. स्वतःच्या नळाला पाणी पाहिजे म्हणून आपल्याला राबवतायत. कसला प्रकल्प न् कसलं काय!"

मला तर पेढा खाल्ल्यासारखं झालं. मी म्हणलं, शाब्बास रे पोरा! पण मॅडम नेमकी मागं उभी. पोरगा पांढराफटक पडला. ती त्याच्यावर अजिबात चिडली नाय. म्हणाली, "शिवराज, तुझा संशय बरोबर आहे. मी तिथं राहते आणि मला पाणी पाहिजे. म्हणूनच माझं मोजमाप धरायचं नाही. तुझं तू मोज, अपेक्षा तिचं मोजेल. दोघांचं जुळलं तरच वहीत लिहायचं. आणि दुसऱ्या कुणावर घेतोस तसा माझ्यावरही संशय घेत जा."

मी गिरणीचं बटण दाबलं. 

मग तो खाकीचा दिवस आला. पाण्याचा दिवस होता. शिवराज कॉलेजात एनसीसीत होता, सकाळची परेड करून तसाच आला. अंगात खाकी, डोक्यावर टोपी, पायात ते काळे बूट. हातात मोजायचा टेप. येऊन उभा राहिला कुठं, तर आप्पासाहेबांच्या नळाजवळ, आणि मान खाली घालून वहीत लिहायला लागला. आप्पासाहेबांच्या बायकोनं वरनं गॅलरीतनं बघितलं. तिला चेहरा दिसला नाय, नुसती टोपी आणि खाकी दिसली. झालं! गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच ओळ पडली: पथक आलंय, मोटारी काढा.

देवा रे देवा, काय ती पळापळ! इतकी वर्षं गल्लीत राहते, पण लोक एवढ्या झटक्यात एकमतानं काही करताना मी कधी बघितले नव्हते. आप्पासाहेबांनी त्यांची मोटार वॉशिंग मशीनमध्ये घातली आणि वर चादरी कोंबल्या. एकीनं पाळण्यात ठेवून वर दुपटं पांघरलं. व्हय, माझीबी होती. मी पाइप सोडवला आणि मोटार बाजरीच्या पिंपात खाली दाबली. हात धुतले, गिरणीच्या दारात येऊन उभी राहिले आणि चेहरा असा केला, की मला मोटार म्हंजे चारचाकी तेवढी माहीत हाय.

तेवढ्यात पाणी सुटलं.

गल्लीत आवाज नव्हता. घूं घूं नाय, काही नाय. माझ्या नळाला बारीकशी धार आली, करंगळीएवढी. मी वाकून बघत होते. धार तुटेना. मोटार नसताना माझ्या नळाला धार येते, हे मी विसरूनच गेले होते. आणि एवढ्यात शेवटच्या घरातनं भामाबाईची आरोळी आली.

"अगं बया बया! धावा गं, धावा!"

आम्हाला वाटलं म्हातारी पडली. सगळ्या बाया पळाल्या. बघतो तर काय, भामाबाई तिच्या अंगणातल्या हौदात उभी. घोट्याएवढं पाणी, खांद्यावर निथळणारी गोधडी, आणि म्हातारी रडतीय का हसतीय ते कळेना. झालं होतं असं, की तिचा हौद वर्षानुवर्षं कोरडा. कोरड्या हौदाचा उपयोग काय? म्हणून तिनं तो झाडून घेतला होता आणि खाली प्लास्टिक अंथरून त्यात गोधड्या रचल्या होत्या. आईच्या लुगड्यांच्या, सासूच्या लुगड्यांच्या, स्वतः टाके घालून शिवलेल्या. हौदातला नळ उघडाच होता. ज्या नळाला पाणीच येत नाय, तो बंद कोण करतो? त्या दिवशी पाणी आलं आणि सरळ गोधड्यांवर पडलं.

"आलं गं लीला! माझ्या नळाला आलं!" असं ती म्हणत होती, आणि गोधडी पिळत होती, आणि पुन्हा म्हणत होती.

ओल्या गोधडीचं वजन ज्यानं उचललंय त्यालाच माहीत. आम्ही एकेक गोधडी दोघी दोघी मिळून पिळली आणि गल्लीभर वाळत घातली. कठड्यांवर, गाड्यांवर, आप्पासाहेबांच्या लोखंडी गेटवर.  सगळ्यांना कळलं होतं, की आज मोटारी नव्हत्या म्हणून पाणी इथवर आलं. पण कळलं म्हणून कुणी बोलतं का? अपेक्षानं त्या नळाखाली बादली ठेवली आणि घड्याळ लावलं. बादली भरली. शिवराजनं पुन्हा ठेवली, पुन्हा भरली. मॅडमनं मात्र काही लिहिलं नाय. ती नळाखाली हात धरून उभी होती, नुसती उभी.

गोधड्यांच्या गडबडीत त्या खाकीकडं कुणी नीट बघितलंच नव्हतं, संध्याकाळी खरं कळलं. पथकबिथक काही नव्हतं. परेडवरनं आलेला पोरगा होता. मग जी गल्ली पेटली, विचारू नका! आप्पासाहेब तर लालेलाल झाले. वॉशिंग मशीनमध्ये तेल सांडलं होतं त्यांच्या. सगळे माझ्या गिरणीत जमले. सगळ्यांचं एकच म्हणणं: बाईनं पोराला मुद्दाम खाकी घालून आणलं, आपल्याला बनवलं. आप्पासाहेब म्हणाले, "हिला असं सोडायचं नाही. कॉलेजात जाऊन प्राचार्यांना सांगू. यंदा हिची ऑर्डर निघता कामा नये. आणि बोलायचं लीलाबाईंनी. त्यांच्यासारखं तोंड कुणाला नाही."

मला राग आलेलाच होता. मी व्हय म्हणलं.

पण घरी आले आणि मला एक गोष्ट टोचायला लागली. हिनं मुद्दाम केलं असतं, तर भामाबाईला हौद रिकामा करायला सांगितलं नसतं का? त्याच घरात राहते की ही. गोधड्या तिला माहीत होत्या. तेव्हापासून माझा शक दोन्ही अंगांनी ओढायला लागला. दुसऱ्या दिवशी ती गिरणीवरनं जात होती, मी तिला सरळ अडवलं.

"मॅडम, खरं सांगा. त्या पोराला खाकी तुम्ही घालायला लावली का?"

"नाही मावशी." थोडं थांबली आणि म्हणाली, "पण मला हे आधीच सुचायला हवं होतं, असं कालपासून वाटतंय."

"आम्ही तुमच्या कॉलेजात येणार हाय. तक्रार करायला."

"कळलं मला," ती म्हणाली. तोंड एवढंसं झालं होतं. "या. तुमची गल्ली आहे." आणि स्कूटीला किक मारायला गेली, ती तीनदा मारूनही लागेना. मी म्हणणार होते, चोक ओढा. पण बोलले नाय.

कॉलेजात आम्ही आठ-नऊ जण गेलो. प्राचार्य शांत माणूस वाटले. त्यांनी खुर्च्या मागवल्या, मॅडमला बोलावून घेतलं. ती भिंतीपाशी उभी राहिली, हाताची बोटं एकात एक अडकवून. दाराबाहेर अपेक्षा, शिवराज आणि बाकीची पोरं. शिवराज रडवेला झाला होता.

"बोला," प्राचार्य म्हणाले. "मॅडमनं काय केलं?"

आप्पासाहेबांनी माझ्याकडं हात केला. मी पदर खोचून उठले.

"साहेब, ह्या बाईंनी आमच्या गल्लीत पोरं आणली."

"बरं. पोरांनी कुणाला त्रास दिला?"

"नाय."

"काही मोडतोड? शिवीगाळ?"

"नाय, तसं काय नाय. पोरं चांगली हायेत."

"मग?"

"मग काय, त्यांच्यामुळं आम्हाला..."

आणि माझी गाडी तिथंच थांबली. त्यांच्यामुळं आम्हाला काय? मी दुसरीकडनं सुरुवात करून बघितली. "म्हंजे त्या दिवशी पाणी सुटलं आणि हा पोरगा खाकी घालून आला, म्हणून आम्ही..." म्हणून आम्ही काय? कुठनंही सुरुवात केली तरी पुढं मोटारच आडवी यायची. मोटारीचं नाव घेतल्याशिवाय तक्रार पुरी होईना, आणि मोटारीचं नाव घ्यायचं तर तक्रार आमच्यावरच उलटणार. मी आप्पासाहेबांकडं बघितलं. ते पंख्याकडं बघत होते. एवढी चीड आली मला त्यांची, की काय सांगू.

तेवढ्यात दारातनं भामाबाई आत आली. तिला आम्ही बोलावलंच नव्हतं. रिक्षा करून एकटी आली होती, काखेत एक गोधडी.

"साहेब," ती म्हणाली, "तक्रार माझी हाय. ही गोधडी बघा. अजून धड वाळली नाय, वास मारतीय."

प्राचार्यांनी गोधडीला हात लावला. "ओली कशानं झाली, आजी?"

"हौदात ठेवली होती. पाणी आलं."

"हौदात गोधडी कशाला ठेवायची?"

"कोरडा होता. माझा आकाश बारावीला होता, तवा शेवटचं पाणी आलेलं त्यात. आता त्याची पोरगी शाळंत जाती."

"मग त्या दिवशी कसं आलं?"

भामाबाईनं मान वळवली आणि आमच्याकडं बघितलं. एकेकाकडं. रागानं नाय. रागानं बघितलं असतं तर मी झेललं असतं.

"मला अडाणी बाईला काय कळतंय, साहेब? ह्यांना विचारा. ह्यांना सगळ्यांना माहीत हाय."

 बाहेर पोरं कान देऊन उभी. मला वाटलं आता आप्पासाहेब काहीतरी बोलतील, पुढारी हायेत. ते पुन्हा पंख्याकडं बघायला लागले. मग माझ्याच तोंडातनं निघालं.

"आम्ही मोटारी काढल्या होत्या, म्हणून आलं." आणि निघालंच तर पुरतं निघालं. "मनानं नाय काढल्या. भ्यालो म्हणून काढल्या."

प्राचार्यांनी भामाबाईला खुर्ची दिली. मग मॅडमकडं वळले. "हे मोटारींचं मुलांच्या प्रकल्पात आहे?"

"नाही सर. फक्त बादली आहे. शेवटच्या नळाला त्या दिवशी ती किती वेळात भरली, एवढंच."

"तुम्हाला मोटारी माहीत नव्हत्या?"

"मी तिथंच राहते, सर. आवाज येतो."

"मग लिहिलं का नाही?"

तिनं अडकवलेली बोटं सोडवली. मग हळूच म्हणाली, "मला त्याच गल्लीत राहायचंय, सर."

मला फार वाईट वाटलं. एवढे दिवस आम्ही हिला खबरी म्हणत होतो. हिला सगळं माहीत होतं, आणि हिनं एका अक्षरानं कुठं सांगितलं नव्हतं. आम्ही मात्र हिची भाकरी काढून घ्यायला रिक्षा करून आलो होतो. मी पुन्हा उठले आणि म्हणलं, "साहेब, आमची तक्रार नाय. आम्ही चाललो." आप्पासाहेब माझ्याआधी दाराबाहेर होते.

मॅडमची ऑर्डर उन्हाळ्यात निघाली. शिवराजनं येऊन सांगितलं, पेढाही दिला. प्राचार्यांनी ती का काढली, कोण जाणे. माझा संशय असा हाय, की त्यांचंही घर कुठल्यातरी गल्लीच्या शेवटाला असणार.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. कॉलेजातनं आलो त्यानंतरचा पहिला पाण्याचा दिवस. आता पथकाची भीती कुणालाच नव्हती. मोटारी वॉशिंग मशीनमधनं, पिंपातनं बाहेर निघाल्या होत्या, तेल-पाणी करून तयार. ग्रुपवर कुणी काही टाकेना. जो तो खिडकीतनं दुसऱ्याच्या नळाकडं बघत होता. माझाही कुणावर भरवसा नव्हता. मी गिरणी बंद केली. पट्ट्याच्या आवाजात मोटारीचा आवाज दबतो, आणि मला ऐकायचं होतं की पहिली कुणाची वाजते. माझी मोटार पायाशी होती. आप्पासाहेबांची वाजली असती, तर माझीबी लगेच वाजली असती, खोटं कशाला बोलू? ते गेटात उभे राहून माझ्या गिरणीकडं कान लावून होते. बघता बघता गल्लीतले सगळेच असे दारात येऊन उभे राहिले, एकमेकांवर पाळत ठेवून. शेवटच्या घराच्या जिन्यावर मॅडम बसली होती, मांडीवर ती बादली.

पाणी सुटायची वेळ होत आली, तशी मला एकदम आठवण झाली, की गोधड्या वाळल्यावर भामाबाईनं त्या पुन्हा हौदातच रचल्या होत्या. मी गिरणीच्या दारातनंच ओरडले.

"भामाबाई! हौद रिकामा केला का? पुन्हा भिजतील गोधड्या!"

गल्लीच्या त्या टोकाहून तिनं उत्तर दिलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"अर्ध्याच काढल्यात गं! तुमचा काय भरवसा!"

 आप्पासाहेबांनी मान खाली घातली आणि गेट लावून घरात गेले. मी कान दिला. मोटार काही वाजली नाय. मग मी माझी मोटार पायानं मागं सारली, गिरणीला कुलूप घातलं, पदर खोचत गल्लीच्या शेवटाला गेले आणि हौदात उतरून उरलेल्या गोधड्या मीच बाहेर काढल्या.